घासाची नवी वाट : जठराच्या कर्करोगावरील दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर अन्नमार्गाची जोडणी

यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओसरीवर तासभर बसले, तर पोटाच्या तक्रारींच्या कैफियती सतत कानांवर पडतात. ज्वारीची भाकरी, तुरीची दाळ आणि हिरव्या मिरचीचा ठेचा यांवर पोसलेल्या या मुलखात छातीत जळजळणे, पोट डब्ब होणे किंवा करपट ढेकर येणे यांस आजार म्हणण्याची वहिवाटच नाही, आणि म्हणूनच ज्या थोड्या माणसांच्या बाबतीत याच तक्रारींमागे जठराचा कर्करोग दडलेला असतो, त्यांची ओळख पटेपर्यंत बहुधा बराच काळ निघून गेलेला असतो. काल दुपारी खाल्लेली दाळ आज सकाळी जशीच्या तशी उलटून पडली, असे एखादा शेतकरी सांगू लागतो, तेव्हा त्याच्या जठराचे खालचे दार गाठीने जवळजवळ बंद केलेले असते. कपडे सैल झालेले असतात, आणि घरच्यांनी दोन-तीन महिने सोडा, ओवा व औषधाच्या दुकानातील गोळ्या यांवर काढलेले असतात.

असे जठर काढावे लागते, हे आता सर्वत्र माहीत झाले आहे. परंतु ते काढून झाल्यावर वर अन्ननलिकेचे किंवा उरलेल्या जठराचे एक तोंड आणि खाली आतड्याचे दुसरे तोंड अशी दोन उघडी टोके शिल्लक राहतात, ती एकमेकांस कशी जोडावी या प्रश्नावर गेली एकशे चाळीसहून अधिक वर्षे शस्त्रवैद्य विचार करीत आले आहेत, आणि पोट न उघडता दुर्बिणीने शस्त्रक्रिया होऊ लागल्यापासून त्या जुन्या प्रश्नाला नवे पेच पडले आहेत, ही हकीकत मात्र सामान्य वाचकापर्यंत क्वचितच पोहोचते. तिचा आढावा घेताना माझे म्हणणे आरंभीच नमूद करतो : जोड कसा आहे याची खरी परीक्षा शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी, राळेगाव, झरी जामणी किंवा महागाव तालुक्यातील एखाद्या घरात, रोगी पाटावर बसून काय आणि किती जेवतो यावर होते, आणि त्या परीक्षेत शस्त्रवैद्याबरोबर घरची माणसे व गावचा डॉक्टर हेही उमेदवार असतात.

जठर गेल्याने काय जाते

जोडणीचा विचार समजण्यासाठी जठराची चार कामे ध्यानात ठेवली पाहिजेत. पहिले काम साठवणीचे : भरपेट जेवण सामावून घेऊन ते कोठारातून पायली-पायलीने धान्य काढावे तसे थोडेथोडे पुढे आतड्यात सोडणे. दुसरे, आम्ल पाझरून अन्न भिजवणे, जंतू मारणे आणि अन्नातील लोह शोषण्याजोगे करणे. तिसरे, ब-१२ या जीवनसत्त्वाच्या शोषणास अवश्य असणारे एक द्रव्य निर्माण करणे, की जे शरीरात अन्यत्र तयार होत नाही. आणि चौथे, खालच्या दाराशी पहारा देऊन पित्त व स्वादुपिंडाचा रस यांस वर येऊ न देणे. जठराचा खालचा दोन-तृतीयांश भाग काढला तर पहारा जातो आणि साठवण घटते. संपूर्ण जठर काढले तर चारही कामे एकाच दिवशी बंद पडतात. जोडणीची आजवर जी जी पद्धत निघाली, तिने यांपैकी एखादे काम वाचवण्याचा वा त्याची उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला आणि त्याची किंमत दुसरीकडे मोजली. सर्व गुण एका जोडात आलेले अद्याप कोणासही साधलेले नाही.

जुन्या वाटा

२९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ या शस्त्रवैद्याने टेरेसा हेलर नावाच्या त्रेचाळीस वर्षांच्या स्त्रीच्या जठराचा कर्करोगग्रस्त खालचा भाग काढून उरलेले जठर आद्यांत्रास, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागास, जोडले. या बाईच्या पोटात त्यापूर्वी आंबट दुधाखेरीज दुसरे काही ठरत नव्हते, हा तपशील ताकावर दिवस काढणारे आपल्याकडील रोगी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांच्या मनाला सहज भिडेल. बिलरोथच्या अगोदर पॅरिसमध्ये पेआँ यांनी १८७९ साली आणि पोलिश शस्त्रवैद्य रिडिगियर यांनी १८८० साली हाच प्रयत्न केला होता. परंतु त्यांचे रोगी वाचले नव्हते. बिलरोथची रोगी त्या शस्त्रक्रियेतून उठली, जेवू लागली, आणि सुमारे चार महिन्यांनी रोग पुन्हा उफाळल्याने गेली. जठर थेट आद्यांत्रास जोडण्याच्या या रीतीस आजही 'बिलरोथ-एक' म्हणतात. पुढे १८८५ साली, जिथे दोन टोके ताण न देता एकत्र येणे अशक्य होते तिथे, आद्यांत्राचे तोंड शिवून बंद करावे आणि आतड्याचा पुढचा वळसा वर उचलून जठराच्या बाजूस जोडावा, ही दुसरी रीत त्यांनीच घालून दिली, ती 'बिलरोथ-दोन'.

दुसऱ्या रीतीत एक दोष राहिला. वर उचललेल्या वळशातून पित्तही जठराशी येते आणि उरलेल्या जठरास व अन्ननलिकेस जाळते. त्यावरचा उतारा स्वित्झर्लंडमधील लोझान येथील सेझार रू यांनी १८९० नंतरच्या दशकात रूढ केला : रिक्तांत्र म्हणजे लहान आतड्याचा दुसरा भाग तोडून त्याचे खालचे टोक वर जठरास जोडायचे, आणि पित्त आणणारे वरचे टोक सुमारे चाळीस ते साठ सेंटिमीटर खाली त्याच आतड्याच्या कडेस जोडायचे, म्हणजे आकृती इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी दिसते आणि पित्त अन्नाला बरेच खाली जाऊन भेटते. दोन ओढे जसे निरनिराळ्या शिवारांतून येऊन खालच्या अंगास एकत्र मिळतात, तशी ही रचना आहे. १८९७ साली झुरिक येथे कार्ल श्लाटर यांनी संपूर्ण जठर काढून अन्ननलिका सरळ रिक्तांत्रास जोडली. त्यांची रोगी वर्षाहून अधिक काळ जगली, आणि जठरावाचून मनुष्य जगू शकतो हे त्या दिवसापासून सिद्ध झाले.

आपल्या इकडच्या जिल्हा रुग्णालयांतही या जोडांची ओळख जुनी आहे, मात्र ती कर्करोगापेक्षा व्रणामुळे झाली. आद्यांत्राच्या व्रणासाठी जठर आणि आतडे यांत नवे तोंड पाडण्याची शस्त्रक्रिया विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतभर होत असे, आणि जुन्या पिढीतील पुष्कळ शस्त्रवैद्यांचा हात तिच्यावरच बसला. व्रणाच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आहे, हे मार्शल व वॉरन यांनी १९८२ पासून दाखवून दिले, त्यास २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि गोळ्यांनी व्रण बरा होऊ लागल्याने ती शस्त्रक्रिया मागे पडली. तोच जंतू जठराच्या कर्करोगाचेही एक प्रमुख कारण ठरला आहे. त्यास तंबाखू, अतिमीठ आणि खारवलेले वा धुरी दिलेले पदार्थ यांची जोड मिळते. ज्या जिल्ह्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा पानटपरीवर दिवसभर घोटला जातो, तेथे हे वाक्य वाचून पुढे सरकणे बरे नव्हे.

दुर्बिणीचा प्रवेश

भारतात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा पाया मुंबईच्या डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी घातला. १९७२ पासून ते रोगनिदानासाठी दुर्बिणीचा उपयोग करीत होते, ते साधन खेड्यापाड्यांतील डॉक्टरांच्या हाती जावे यासाठी त्यांनी आयुष्यभर आग्रह धरला, आणि १९९० साली देशातील पहिली दुर्बिणीची पित्ताशय-शस्त्रक्रिया त्यांनी मुंबईत केली. त्यानंतरच्याच वर्षी, १९९१ मध्ये, जपानमधील ओइता येथे सेइगो कितानो यांनी जठराच्या आरंभावस्थेतील कर्करोगासाठी दुर्बिणीच्या साहाय्याने जठराचा खालचा भाग काढून बिलरोथ-एक पद्धतीने जोड केला. पोटावर करंगळीएवढी पाच छिद्रे, एकातून कॅमेरा, उरलेल्यांतून लांब दांड्यांची हत्यारे आणि पोटात भरलेला कार्बन डायऑक्साइड वायू, असे या शस्त्रक्रियेचे दर्शनी रूप असते.

कर्करोगाच्या बाबतीत पहिला आक्षेप असा होता की, लहान छिद्रांतून गाठ आणि तिच्या भोवतालच्या लसिकाग्रंथी पुरेशा निघतील काय. त्याचे उत्तर पूर्वेकडील दोन मोठ्या प्रयोगांनी दिले. कोरियातील तेरा रुग्णालयांत १,४१६ रोग्यांवर झालेल्या पाहणीत, आरंभावस्थेतील कर्करोगात पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण दुर्बिणीच्या बाजूस ९४.२ टक्के आणि पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेच्या बाजूस ९३.३ टक्के भरले, आणि जखमेच्या तक्रारी दुर्बिणीत स्पष्टपणे कमी आढळल्या. चीनमध्ये पुढच्या अवस्थेतील कर्करोगाच्या सुमारे हजार रोग्यांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षे रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ७६.५ आणि ७७.८ टक्के, म्हणजे व्यवहारतः सारखेच निघाले. हे दोन्ही प्रयोग जठराचा खालचा भाग काढण्यासंबंधी आणि अनुभवी हातांनी केलेले होते, ही मर्यादा लक्षात ठेवून एवढे म्हणता येते की, काढण्याच्या कामात दुर्बीण उणी पडत नाही. मग प्रश्न उरला तो जोडण्याचा.

पडद्यावरचा जोड

आरंभी शस्त्रवैद्य जठर दुर्बिणीने सोडवीत, वरच्या पोटावर चार-पाच सेंटिमीटरचा छेद घेऊन ते बाहेर काढीत आणि त्याच छेदातून हाताने वा यंत्राने जोड करीत. कृश रोग्यात हे सोपे जाते. स्थूल रोग्यात, किंवा अन्ननलिकेचे टोक मध्यपटलाच्या कमानीत खोल गेले असता, त्या चिमुकल्या खिडकीतून काम करणे फार कष्टाचे होते. म्हणून संपूर्ण जोड पोटाच्या आतच करण्याच्या रीती निघाल्या, आणि त्यांचा सारा भार स्टेपलर या यंत्रावर पडला. एका दाबात दोन्ही बाजूंस टायटॅनियमच्या बारीक टाचण्यांच्या ओळी बसवून मधोमध पाते चालवणारे हे हत्यार; त्याचे प्रत्येक काडतूस एकदाच वापरता येते.

खालचा भाग काढल्यानंतर आतल्या आत बिलरोथ-एक करण्याची जी रीत सेइइचिरो कानाया यांनी २००२ साली प्रसिद्ध केली, तिला टाचण्यांच्या ओळींच्या त्रिकोणावरून 'डेल्टा' जोड म्हणतात. अन्न पूर्वीच्याच वाटेने आद्यांत्रातून जाते, जोड एकच असतो आणि पुढे दुर्बीण घालून पित्तनलिका तपासता येते, हे तिचे गुण; गाठ मोठी असून जठर फार काढावे लागले तर टोकांना ताण पडतो, ही तिची हद्द. बिलरोथ-दोन करण्यास सोपा व ताणरहित. पण पित्त वर येण्याचा जुना दोष त्यात कायम. रू यांची 'वाय' रचना पित्तापासून उत्तम रक्षण करते. परंतु जोड दोन होतात, वेळ अधिक लागतो, आणि काही रोग्यांत वर नेलेले आतडे मंद पडून जेवण तुंबल्यासारखे वाटते. आतडे पूर्ण न तोडता टाचण्यांनी केवळ बंद करण्याची एक सुधारित 'वाय' रचनाही आहे. तिच्यात आतड्याची स्वाभाविक लय टिकते, परंतु बंद केलेली वाट काही काळाने पुन्हा उघडण्याचा संभव राहतो.

संपूर्ण जठर काढल्यावर जो अन्ननलिका-रिक्तांत्र जोड करावा लागतो, तो या सर्वांत अवघड. कारण अन्ननलिकेस जठरासारखे बाहेरचे बळकट आवरण नाही आणि जागा छातीच्या पायथ्याशी अडचणीची असते. गोल स्टेपलरने हा जोड करायचा तर त्याची ऐरण अन्ननलिकेच्या टोकात बसवावी लागते. ती बाहेरून बसवणे दुर्बिणीत कठीण पडल्याने एका नळीला बांधून तोंडातून खाली उतरवण्याची युक्ती निघाली. दुसरी वाट सरळ स्टेपलरची. तिच्यातील २०१० साली जपानी शस्त्रवैद्य इनाबा यांनी मांडलेली रीत जवळून पाहण्यासारखी आहे. अन्ननलिकेचे टोक टाचण्यांनी बंद केलेले असते. त्याच्या डाव्या कडेशी एक लहानसे छिद्र पाडतात. वर आणलेल्या आतड्यावर, टोकापासून पाच-सहा सेंटिमीटर अंतरावर, रक्तवाहिन्यांच्या विरुद्ध बाजूस दुसरे छिद्र पाडतात. भूल देणारा डॉक्टर नाकातली नळी हळूहळू पुढे सरकवतो, आणि तिचे टोक अन्ननलिकेच्या छिद्रातून पडद्यावर डोकावले की शस्त्रवैद्याची खात्री पटते की आपण अस्तराच्या आत आहोत, थरांच्या फटीत नाही. मग स्टेपलरचा एक जबडा आतड्यात आणि दुसरा अन्ननलिकेत सरकवला जातो, दोन्ही नळ्या शेजारी शेजारी एकाच दिशेने मिटल्या जातात, क्षणभर दाबून धरल्या जातात आणि पाते फिरते. उरलेले समाईक छिद्र सुईदोऱ्याने शिवतात. एवढ्या पाच-सात मिनिटांच्या कामावर पुढचे सारे दिवस अवलंबून असतात. म्हणून निष्णात शस्त्रवैद्य येथे कोणतीही घाई करीत नाहीत.

रोग जठराच्या केवळ वरच्या भागात आणि आरंभावस्थेत असेल तर खालचा भाग वाचवता येतो. पण तो सरळ अन्ननलिकेस जोडला तर आम्ल वर चढून घसा जाळते. त्यावर दोन उपाय आहेत : जठराच्या भिंतीचे दोन पदर दाराच्या फळ्यांसारखे अन्ननलिकेवर झाकून झडप बनवणे, ही कामिकावा यांची रीत, आणि अन्ननलिका आतड्यास जोडून त्याच आतड्याच्या कडेस उरलेले जठर जोडणे, म्हणजे अन्नास दोन वाटा मिळतात. या दुहेरी वाटेची संपूर्ण जठर-निष्कासनाशी कोरियात तुलना झाली, तेव्हा रक्तद्रव्यात उल्लेखनीय फरक दिसला नाही, परंतु ब-१२ पुरवण्याची गरज बरीच कमी पडली.

जोड झाल्यानंतरचे धोके

पहिला धोका गळतीचा. पहिल्या आठवड्यात ताप, वाढलेली नाडी, धाप, डाव्या खांद्याशी दुखणे अशी लक्षणे दिसली की जोड तपासावाच लागतो. हा धोका रुग्णालयातच उद्भवतो, आणि तेथे त्याचा बंदोबस्त करण्यास माणसे असतात.

दुसरा धोका घरी गाठतो, आणि म्हणून आपल्या दृष्टीने तो अधिक चिंतेचा आहे. आतडे वर नेताना त्याच्या आधारपटात फटी राहतात. त्यांपैकी एकीस जर्मन शस्त्रवैद्य पीटरसन यांचे नाव आहे. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर आतील अवयव एकमेकांस चिकटतात आणि त्या फटी आपोआप बुजतात. दुर्बिणीनंतर चिकटणे कमी, म्हणून फटी उघड्या राहतात, वजन घटल्याने त्या अधिक रुंदावतात, आणि महिन्यांनी किंवा वर्षांनी एखादे दिवशी आतडे त्यात शिरून पीळ खाते. दुर्बिणीचा गुणच येथे दोष होऊन बसतो. या फटी न विरघळणाऱ्या धाग्याने शिवून टाकणे हा दहा-पंधरा मिनिटांचा उपाय आहे, आणि तो कधीही गाळू नये.

तिसरा वर्ग पोषणाचा. गोड वा पातळ अन्न एकदम आतड्यात उतरले की अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब. आणि कधी दोन-तीन तासांनी रक्तातील साखर उतरून भोवळ. लोह कमी, हाडे ठिसूळ, वजन दहा टक्के वा त्याहून अधिक खाली. आणि सर्वांत फसवे ते ब-१२ : यकृतातील साठा कित्येक वर्षे पुरतो, म्हणून रोगी बरा झाला असे सर्वांस वाटू लागते त्याच सुमारास हातापायांस मुंग्या येतात, चाल अडखळते आणि रक्त उतरते. माळकरी घरातील शाकाहारी माणसाचा साठा मुळातच तोकडा असल्याने त्याच्यावर ही वेळ लवकर येते. शिवाय विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे. त्यामुळे फिकेपणा दिसला की तोच एक खुलासा मानून थांबण्याची चूक सहज घडते.

यवतमाळची परिस्थिती

महाराष्ट्रात जठराच्या कर्करोगाचे प्रमाण मिझोरम वा चेन्नईच्या मानाने कमी आहे. ही समाधानाची गोष्ट खरी, परंतु तिचा एक परिणाम नीट समजून घेतला पाहिजे. दुर्बिणीने जठर काढण्याचे कौशल्य हाती बसण्यास चाळीस-पन्नास शस्त्रक्रिया लागतात असे जाणकार मानतात. सुमारे अठ्ठावीस लाख वस्तीच्या आणि सोळा तालुक्यांत पसरलेल्या आपल्या जिल्ह्यात, जेथे निम्मे रोगी शस्त्रक्रियेच्या पलीकडच्या अवस्थेत येतात असे समजून चालणेच शहाणपणाचे, तेथे एका शस्त्रवैद्याच्या वाट्यास एवढे रोगी येण्यास किती वर्षे लागतील याचा हिशेब कोणीही करू शकेल. यवतमाळ येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून उभे आहे. निदान, दुर्बिणीने जठर तपासणे, तुकडा काढणे, बंद पडलेल्या दारास तात्पुरती वाट करून देणे आणि नंतरची देखभाल ही कामे तेथे व्हावीत. प्रत्यक्ष जठर-निष्कासन मात्र जेथे ते वारंवार होते अशा ठिकाणी करवून घेणे रोग्याच्या हिताचे : नागपूरचे शासकीय महाविद्यालय वा राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, तेथीलच राष्ट्रीय कर्करोग संस्था, किंवा १९४१ पासून कार्यरत असलेले परळचे टाटा स्मारक रुग्णालय, की जेथे जाणाऱ्या वैदर्भीय कुटुंबांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा मिळत आला आहे. उमरखेड-महागावकडील लोकांस नांदेड जवळ पडते, वणी-मारेगावकडील लोक चंद्रपूर-नागपूरचा रस्ता धरतात, आणि यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर. तेव्हा एका जिल्ह्याचे रोगी तीन दिशांस पांगतात आणि त्यांचे कागद तीन दप्तरांत विखुरतात.

पैशाची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१३ च्या नोव्हेंबरपासून राज्यभर लागू झाली, २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते, शेतकरी-आत्महत्यांनी ग्रासलेल्या चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही तिच्यात स्थान मिळाले, आणि कुटुंबामागे वर्षाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली आहे. तथापि पॅकेजची रक्कम ठरीव, आणि संपूर्ण आतला जोड करायचा तर स्टेपलरची अनेक काडतुसे लागतात. अशा वेळी लहान छेदातून जोड बाहेर करणे, किंवा आतल्या आत सुईदोऱ्याने शिवणे, यात कोणताही कमीपणा नाही. चार सेंटिमीटरचा एक अधिक छेद रोगी आठवड्यात विसरतो. गळलेला जोड घर विसरत नाही.

आणि जोड कोणता? माझ्या मते जो रोगी वारंवार मोठ्या रुग्णालयात येऊ शकणार नाही, त्याच्यासाठी त्या शस्त्रवैद्याच्या हाती सर्वांत पक्का बसलेला, नंतर कमीत कमी देखरेख मागणारा जोड निवडावा. खालचा भाग काढला असता ताण न पडेल तर बिलरोथ-एक, पडेल तर 'वाय'; संपूर्ण जठर काढले असता 'वाय', आणि फटी शिवलेल्या. आता पुढच्या अवस्थेतील रोग्यांस शस्त्रक्रियेपूर्वी चार आणि नंतर चार अशा पंधरवड्याच्या अंतराने केमोथेरपीच्या फेऱ्या देण्याची रीत प्रस्थापित झाली आहे. नंतरच्या फेऱ्या सोसण्याइतके अन्न पोटात गेले पाहिजे, ही गोष्टही जोड निवडताना तोलावी.

घरातली शस्त्रक्रिया

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत एक गैरसमज हमखास होतो. पोटावर पाच बारीक खुणा पाहून घरच्यांना वाटते, शस्त्रक्रिया लहान झाली; पाहुणे 'आता भरपेट जेव, अंगाला लागू दे' म्हणून आग्रह करतात. बाहेरची जखम लहान असली तरी आत कोठारच उरलेले नाही, हे त्यांना कोणी समजावून सांगितलेले नसते.

एखाद्या समजूतदार गृहिणीने हे कसे सांभाळावे ते पाहा. सकाळी वाटीभर ज्वारीच्या कण्या, मऊ शिजवून, मीठ-ताक घालून. दोन-अडीच तासांनी उकडलेले अंडे, किंवा मुगाचे घट्ट वरण. दुपारी अर्धी भाकरी दाळीत कुस्करून, पूर्ण भिजू देऊन, प्रत्येक घास पातळ होईपर्यंत चावून. ठेचा काही महिने दूर. पाणी जेवणाबरोबर नाही, अर्धा तास मागे किंवा पुढे. असे दिवसातून सहा वेळा, आणि रात्री जेवल्यावर लगेच आडवे होणे नाही. उशीखाली विटेची उंची. साखरेचा चहा या प्रदेशात शेताच्या बांधापासून तहसील कचेरीपर्यंत आग्रहाने पाजला जातो, तो नाकारण्याची मुभा रोग्यास असली पाहिजे, कारण त्या एका कपाने त्याचा तास जातो. शेतावर जाताना त्याच्या शिदोरीचे दोन डबे करावे लागतात, एवढेच काय ते निराळेपण. वर्षभरात बहुतेकांचे जेवण बसते, आणि तूर सोंगायला ती माणसे पुन्हा उभी राहतात.

यापुढचे काम गावच्या डॉक्टरचे, परिचारिकेचे आणि आशाताईंचे आहे. संपूर्ण जठर काढलेल्यास ब-१२ चे इंजेक्शन आयुष्यभर, ठरल्या मुदतीस. सहा महिन्यांनी रक्त, वर्षाने हाडे व दुर्बीण. आणि अशा रोग्याच्या पोटात अचानक कळ उठली व उलटी थांबेना, तर 'गॅस' म्हणून गोळी देऊन घरी न पाठवता त्याच दिवशी सीटी स्कॅन होईल तेथे रवाना करणे. पीळ पडलेल्या आतड्याकडे तासांचीच मुदत असते.

परंतु झरी जामणीच्या एखाद्या कोलाम पोडावरील, म्हणजे आदिवासी वस्तीवरील, रोग्यास रात्री दोन वाजता तपासणाऱ्या डॉक्टरला हे कळणार कसे, की या पोटात जठर आहे किंवा नाही, आतडे कोणत्या वाटेने नेले आहे आणि फटी शिवल्या आहेत की नाहीत? घरी सोडताना दिलेल्या दाखल्यावर पुष्कळदा 'जठराची शस्त्रक्रिया' एवढाच मजकूर असतो. म्हणून शस्त्रवैद्यांस माझी विनंती आहे की, पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर मराठीत पाच ओळी लिहाव्यात : जठर किती काढले, जोड कोणता केला, वर नेलेले आतडे किती लांब, फटी बंद केल्या काय, आणि ब-१२ ची पुढची तारीख, आणि त्याखाली त्या नव्या अन्नमार्गाची आकृती स्वतःच्या हाताने काढावी. घरच्यांस विनंती ही की, सातबारा आणि रेशनकार्ड ज्या पिशवीत जपून ठेवता, त्याच पिशवीत हे कार्ड ठेवा, आणि रोग्यास कोणत्याही दवाखान्यात नेताना डॉक्टरने विचारण्यापूर्वी ते त्याच्यापुढे ठेवा.